झोपाळा, लेझीम, ढोल: मोबाईलमधल्या हालचालीच्या सेन्सरशी पहिली ओळख

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीतला भाचा माझा जुना फोन घेऊन आला. "मामा, हा बिघडलाय. टेबलावर नुसता पडलाय, तरी ९.८ त्वरण दाखवतोय."

फोन ठणठणीत होता. भाच्याला पडलेला प्रश्न या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत पडतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू. फोनच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन हलला की ठोकळा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि तो बदल विजेच्या रूपात मोजला जातो. हा झाला ॲक्सेलरोमीटर. टेबलावर ठेवलेल्या फोनला टेबल खालून रेटून धरतं. ठोकळ्याला तो रेटा जाणवतो आणि स्क्रीनवर ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाचाच आकडा) दिसतं. तोच फोन जाड उशीच्या वर वीतभर धरून सोडून द्या. पडतानाच्या साधारण ०.२ सेकंदात आलेख शून्याशी येऊन टेकतो, कारण तेवढ्या वेळात फोनला कुणीच रेटत नसतं. भाच्याने हे पंधरा वेळा करून पाहिलं. उशी मात्र खरंच जाड घ्या.

दुसरा सेन्सर जायरोस्कोप. फोन किती वेगाने वळतोय हे तो सांगतो. सरळ रेषेत सरकवला तर गप्प बसतो. तिसरा मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्र. त्याचं आज फारसं काम नाही. पहिल्या दोघांतला फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं, आणि तो पक्का बसवायला घरातल्या झोपाळ्यासारखं साधन नाही. त्याकडे येतोच.

काय लागेल

चालू स्थितीतला कुठलाही स्मार्टफोन. काच तडकलेली असली तरी हरकत नाही, उलट बरंच, जीव कमी घाबरतो. ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप, जे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या लोकांनी २०१६ मध्ये आणलं. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. दुहेरी टेप, जुन्या पायजम्याची नाडी, कपड्याची एक छोटी झिप असलेली पिशवी. फोन अडकवायला क्लॅम्प हवाच असेल तर पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चक्कर मारा. पण पहिल्या महिन्यात नाडीवर भागतं, हे अनुभवाने सांगतो.

आणि एक वही. हिच्याबद्दल मी आग्रही आहे. प्रत्येक प्रयोगाआधी वहीत आपला अंदाज लिहायचा आणि मगच बटण दाबायचं. झोपाळा एका झोक्याला किती सेकंद घेईल? पुण्यातली पर्वतीची टेकडी चढताना फोन किती पावलं मोजेल? आकडा आधी लिहिला नसेल तर स्क्रीनवर येईल ते खरं वाटतं, आणि मग सेन्सरची चूक आणि आपली चूक यांतला फरक कधीच कळत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

ॲप उघडलं की प्रयोगांची लांबलचक यादी दिसते. काही नावं फिकट दिसतील. त्यांना लागणारा सेन्सर तुमच्या फोनमध्ये नाही असा त्याचा अर्थ. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा जायरोस्कोप नसतो. म्हणून दुसऱ्याचा फोन मागून घेण्याआधी ही यादी नजरेखालून घाला.

‘ॲक्सेलरेशन विथ जी’ (जी म्हणजे गुरुत्व) उघडा आणि वरचा त्रिकोण दाबा. तीन आलेख सुरू होतात: एक्स, वाय, झेड. फोन उभा धरला तर एक्स डावी-उजवीकडे, वाय खाली-वर आणि झेड स्क्रीनमधून थेट तुमच्या नाकाकडे. हे पाठ करत बसू नका. फोन एकेका कडेवर उभा करा आणि ९.८ कुठल्या आलेखातून कुठल्या आलेखात उडी मारतं ते बघा, पाच मिनिटांत हाताला कळतं.

आता फोन उताणा ठेवून झेडचा आकडा लिहा, मग पालथा ठेवून लिहा. माझ्या जुन्या फोनवर ९.९ आणि उणे ९.७ आले. पुण्यात गुरुत्वाचा आकडा ९.७८ च्या जवळपास आहे, म्हणजे हा फोन झेडच्या दिशेने कायम ०.१ जास्त सांगतो. दुकानातला तराजू रिकामा असतानाच काटा थोडा पुढे असावा तसं. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. प्रत्येक फोनचा वेगळा असतो.

तीन ठिपक्यांच्या मेनूत दोन गोष्टी आहेत, त्या आजच शिकून घ्या. ‘टाइम्ड रन’मध्ये किती सेकंदांनी मोजणी सुरू व्हावी आणि किती वेळ चालावी हे आधी सांगता येतं, म्हणजे फोन बांधण्याची धडपड आलेखात येत नाही. ‘अलाव रिमोट ॲक्सेस’ चालू केलं की ॲप एक पत्ता दाखवतं. त्याच वायफायवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की आलेख मोठ्या पडद्यावर येतो आणि सुरू-बंदही तिथूनच करता येतं. मुलांना दाखवायचं असेल तर हे फारच उपयोगी. स्क्रीन बंद केली किंवा मधेच दुसरं ॲप उघडलं की मोजणी थांबते, तेवढं लक्षात ठेवा.

झोपाळा

आमच्या माजघरात पितळी कड्यांचा झोपाळा आहे. फळीच्या चारही कोपऱ्यांच्या कड्या वर चार वेगवेगळ्या हुकांना सरळ, समांतर लटकलेल्या. बहिणीकडे गॅलरीत दुसऱ्या प्रकारचा आहे: प्रत्येक बाजूच्या पुढच्या-मागच्या साखळ्या वर एकाच हुकात मिळतात. दिसायला दोन्ही झोपाळेच. सेन्सरच्या दृष्टीने मात्र दोन वेगळे प्राणी.

मी बहिणीच्या झोपाळ्यावर फोन फळीला टेपने चिकटवला, ‘पेंड्युलम’ हा प्रयोग लावला आणि झोका दिला. हा प्रयोग जायरोस्कोप वापरतो. सुंदर लाटा आल्या, खाली एका झोक्याचा वेळही आला. घरी येऊन तेच केलं तर आलेख जवळजवळ सपाट. पहिल्यांदा वाटलं टेप सुटली. मग फळीकडे नीट पाहिलं. समांतर कड्यांमुळे ती पुढे जाते, मागे येते, थोडी वर उचलली जाते, पण कलत मात्र नाही. वरचा पाण्याचा पेलासुद्धा सरळ उभा राहतो. फोन वळतच नाही, मग जायरोस्कोप काय सांगणार? तिथे ॲक्सेलरोमीटर लावला आणि लाटा आल्या.

बहिणीच्या झोपाळ्यावर याच्या बरोबर उलट होतं. एकाच हुकाभोवती फिरणाऱ्या फळीवर झोक्याच्या दिशेचा ॲक्सेलरोमीटर फारच थोडं दाखवतो. फळी वळते तसा फोनही वळतो, आणि झोक्याचा वेग बदलताना जे जाणवायला हवं ते गुरुत्वाच्या तिरक्या भागाशी फिटतं. झोपाळ्यावर बसून चहा पिताना कपातला चहा सांडत नाही, तो याचमुळे.

आता प्रयोग असा करा:

१. वर बघून आधी ठरवा: दोन हुक की चार. त्याप्रमाणे सेन्सर निवडा आणि वहीत लिहा.

२. झोक्याच्या वेळेचा अंदाज लिहा. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं.

३. फोन फळीच्या मधोमध, टेपच्या दोन पट्ट्यांनी. टाइम्ड रनमध्ये पाच सेकंद उशीर, तीस सेकंद मोजणी.

४. झोका छोटा द्या, हातभर पुरे. मोठ्या झोक्याला वेळ थोडा जास्त लागतो आणि हिशेब बिघडतो.

५. दहा झोक्यांचा वेळ घेऊन दहाने भागा. एकाच झोक्याच्या आकड्यावर विसंबू नका.

आलेल्या सेकंदांचा वर्ग करा आणि चारने भागा. उत्तर म्हणजे मीटरमध्ये कडीची लांबी. आमच्याकडे २.८४ सेकंद आले. वर्ग साधारण ८.०७, भागिले चार २.०२. टेपने मोजली तर कडी दोन मीटर भरली. ही युक्ती जमते कारण लंबकाच्या सूत्रात π (३.१४) या आकड्याचा वर्ग आणि गुरुत्वाचा आकडा समोरासमोर येतात आणि दोन्ही ९.८ च्या आसपासचे आहेत.

मग फळीवर कुणालातरी बसवा. माझी आई बसली. चार हुकांच्या झोपाळ्यावर आकडा जवळपास तोच राहिला. दोन हुकांच्या झोपाळ्यावर माणूस बसला की वजनाचा मध्य फळीच्या वर सरकतो, लंबक जणू आखूड होतो आणि दहा झोक्यांमागे सेकंदभर तरी वाचतो. "म्हणजे मी बसले की झोपाळा पळतो," आई म्हणाली, आणि शेजारच्या काकूंना बोलावून त्यांनाही बसवलं.

पर्वतीच्या पायऱ्या

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, हे पुण्यात लहानपणापासून ऐकलेलं असतं. पावलं मोजणारं ॲप तपासायला याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. पायऱ्या रुंद आहेत, एकेका पायरीवर दोन पावलंही पडतात, त्यामुळे आपली पावलं तोंडाने मोजायची आणि वर पोचल्यावर फोनचा आकडा बघायचा.

फोन पावलं कशी ओळखतो? पाऊल टेकलं की शरीराला हलका धक्का बसतो. चालताना असे धक्के सेकंदाला साधारण दोन, बऱ्यापैकी सारख्या अंतराने येतात. फोन ती लय शोधतो. म्हणूनच बऱ्याच फोनमध्ये सुरुवातीची काही पावलं लगेच दिसत नाहीत. हे चालणंच आहे याची खात्री पटली की मागची धरून आकडा एकदम पुढे जातो. एकदा फोन पॅंटच्या खिशात, एकदा पर्समध्ये, एकदा हातात घट्ट धरून, अशा तीन फेऱ्या करा. फरक दिसेल. कुठे थांबून शहराकडे बघत उभे राहिलात तर तेही वहीत लिहा, कारण लय तुटली की मोजणीही अडखळते.

काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. तुमच्यात असेल तर सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्टेशनवर रस्त्यापासून खाली फलाटापर्यंत जाताना तो चालू ठेवा. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर जाणारं हे स्टेशन आहे. पुण्याच्या उंचीवर दर नऊ मीटरला दाब साधारण एक हेक्टोपास्कलने बदलतो. अंदाज तुम्हीच लिहा. फायफॉक्समधला ‘एलिव्हेटर’ हा प्रयोग दाब आणि त्वरण एकत्र दाखवतो. लिफ्ट निघताना पोटात जो खड्डा पडतो तो आलेखात बघायला मिळतो.

वॉशिंग मशीनचं पोट

हा प्रयोग थोडक्यात. मशीनच्या झाकणावर रबरी जाळीचा तुकडा, त्यावर फोन, आणि ‘ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रम’. कपडे पिळायला सुरुवात झाली की आलेखात एक शिखर उभं राहतं. ते १२ हर्ट्झवर असेल तर टब सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० फेरे घेतोय. मशीनवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. एका बाजूला सगळ्या चादरी जमा झाल्या की शिखर केवढं वाढतं तेही बघा.

मिक्सरवर हे करून फसू नका. मिक्सर मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल तर ते ३०० हर्ट्झ झाले. फोन सेकंदाला २०० वेळा मोजत असेल तर त्याला जेमतेम १०० हर्ट्झपर्यंतचं कंपन खरं कळतं. त्यापुढचं दिसलंच तर भलत्याच जागी दिसतं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. अँड्रॉइड १२ पासून ॲपला खास परवानगी नसेल तर सेकंदाला २०० ही मर्यादाच आहे, आणि क्रोममध्ये उघडलेल्या वेबपानाला तर ६० च्या वर मिळत नाही. आपला फोन सेकंदाला किती वेळा मोजतो हे आधी पाहून ठेवा.

फोनची लेझीम

आतापर्यंत मोजलं, आता काहीतरी बनवू. लेझीम हलवल्यासारखा फोन हलवला की लेझीमचा आवाज यावा. प्रोग्रामिंगचा गंध नसला तरी चालेल. अमेरिकेतल्या एमआयटीचं ‘ॲप इन्व्हेंटर’ ब्राउझरमध्ये मोफत चालतं आणि त्यात ठोकळे एकमेकांत बसवून ॲप तयार होतं. मी भाच्याला बसवून दोन तासांत शिकवलं. त्यातला अर्धा तास खरी लेझीम मिळवण्यात गेला.

आधी आवाज. शाळेतून किंवा ओळखीच्या मंडळातून लेझीम आणा. फोन हातभर अंतरावर ठेवून एकच झटका रेकॉर्ड करा. साखळीतल्या चकत्या थरथरत शांत होतात तो शेवटचा भाग कापून टाका, आवाज पाऊण सेकंदाच्या आत हवा. शेपूट लांब राहिली तर पुढचा झटका तिच्यावर चढतो आणि सगळा गोंगाट होतो. फाइलच्या नावात मोकळी जागा ठेवू नका.

१. संगणकावर ॲप इन्व्हेंटर उघडा आणि नवीन प्रोजेक्ट सुरू करा. नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं, सलग.

२. फोनवर ‘एमआयटी एआय२ कंपॅनियन’ हे ॲप घ्या. संगणकावर ‘कनेक्ट’ मेनूतून ‘एआय कंपॅनियन’ निवडा आणि आलेला क्यूआर कोड फोनने स्कॅन करा. दोन्ही एकाच वायफायवर हवेत. यापुढे संगणकावर केलेला बदल फोनवर लगेच दिसतो.

३. डावीकडच्या ‘सेन्सर्स’ खणातून ॲक्सेलरोमीटर आणि ‘मीडिया’ खणातून साउंड ओढून मधल्या फोनच्या चित्रावर टाका. ते चित्रात दिसणार नाहीत, खाली पट्टीत जाऊन बसतील. नवख्यांना इथे हटकून वाटतं की काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं.

४. लेझीमची फाइल अपलोड करून साउंडच्या ‘सोर्स’मध्ये निवडा.

५. दोघांच्याही ‘मिनिमम इंटर्व्हल’ या रकान्यात लक्ष घाला. दोन आवाजांमधलं हे कमीत कमी अंतर मिलिसेकंदांत असतं. आधीपासून सेन्सरचं ४०० आणि साउंडचं ५०० असतं. इतक्या सुस्त लेझीमवर पाऊल पडणार नाही. दोन्हीकडे २०० करा.

६. ‘ब्लॉक्स’मध्ये जा. ‘व्हेन ॲक्सेलरोमीटर शेकिंग’ हा ठोकळा आणा आणि त्याच्या पोटात ‘कॉल साउंड प्ले’ बसवा.

हलवा. वाजली! भाचा खोलीभर नाचला.

पण खऱ्या लेझीमला दोन हात असतात, उघडताना एक आवाज आणि मिटताना दुसरा. ‘शेकिंग’ला दिशा कळत नाही. त्यासाठी ‘ॲक्सेलरेशन चेंज्ड’ हा ठोकळा घ्या, तो एक्स, वाय, झेड तिन्ही आकडे देतो. फोन आडवा हलवणार असाल तर एक्स किंवा वाय यांतला योग्य तो निवडा. कुठला, ते पहिल्या पंधरा मिनिटांत हाताला कळलेलं आहे. आकडा १५ च्या वर गेला की पहिला आवाज, उणे १५ च्या खाली गेला की दुसरा.

इतकंच केलं तर एका झटक्याला आवाज तीन-चारदा वाजतो, कारण आकडा १५ च्या आसपास थरथरत वरखाली होतो. यावर उपाय दाराच्या कडीसारखा आहे. ‘तयार’ नावाचं एक चल (व्हेरिएबल, म्हणजे खरं की खोटं हे लक्षात ठेवणारा डबा) ठेवा. आवाज वाजला की ‘तयार’ खोटं करा, म्हणजे कडी लागली. आकडा ११ च्या आत परत आला की ‘तयार’ खरं, कडी निघाली. आवाज तेव्हाच वाजेल जेव्हा आकडा १५ च्या पलीकडे आहे आणि कडी उघडी आहे. १५ आणि ११ हे माझ्या मनगटाचे आकडे आहेत. आधी फायफॉक्सवर तुमचा झटका मोजा, लहान मुलांचा ८-१० च्या वर जात नाही.

मनासारखं झालं की ‘बिल्ड’ मेनूतून अँड्रॉइडचं ॲप बनवून फोनमध्ये टाकता येतं. फोनच्या कव्हरला नाडी ओवून ती मनगटात अडकवल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. आमचा एक फोन अंगणातून थेट तुळशीवृंदावनावर जाऊन आदळला.

हाच पाया घेऊन किती तरी करता येतं. आवाजाऐवजी रंग बदला, फोन कलता करून सूर वर-खाली न्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ मध्ये मोबाईलचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला, त्यात वादक फोन तिरका करून, हलवून वाजवत. आपल्याकडे टाळ, चिपळ्या, खुळखुळा, घुंगरू, सगळंच हलवून वाजणारं. मला तर वाटतं हा खेळ आपल्याच वाद्यांसाठी बनलाय.

रस्ता वाचणं

दुचाकीवरून जाताना बसणारे धक्के मोजावेत असं पुण्यात कुणाला वाटलं नाही तरच नवल. कल्पना जुनी आहे: मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधकांनी २००८ मध्येच फोनच्या ॲक्सेलरोमीटरने खड्डे ओळखण्याची पद्धत मांडली होती. फोन खिशात कसाही पडलेला असो, गुरुत्वाच्या दिशेवरून ‘खाली’ कुठे आहे ते आधी शोधायचं, ही त्यातली मोलाची युक्ती.

आलेखात खड्डा आणि गतिरोधक वेगळे दिसतात, आणि ते ओळखता येणं हाच खरा आनंद. खड्ड्यात चाक आधी खाली जातं, म्हणून आकडा ९.८ च्या खाली घसरतो आणि मग जोराचा फटका येतो. गतिरोधकावर चाक आधी वर उचललं जातं: आधी वाढ, मग घसरण. घर ते ऑफिस एक फेरी मोजा, संध्याकाळी आलेख उघडून कुठला धक्का कुठला ते आठवून लिहा. आठवड्याभरात आलेख बघून चौक सांगता येतो.

दोन पथ्यं पाळा. मोजणी निघण्याआधी सुरू करायची आणि पोचल्यावरच बंद करायची, मधे फोनला हात लावायचा नाही. आणि फोन हँडलवर लावायचा नाही. मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार कंपनं कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब करू शकतात, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतः दिला होता. जुना फोन पिशवीत घालून डिकीत फडक्यांमध्ये घट्ट बसवा. चांगला फोन खिशातच राहू द्या, आपलं शरीर बरीच कंपनं शोषून घेतं.

दोन गोष्टी सेटिंग्जमध्ये

अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात भूकंपाच्या सूचना चालू आहेत का बघा. स्थिर पडलेल्या हजारो फोनचे ॲक्सेलरोमीटर एकाच वेळी थरथरले की गूगलची यंत्रणा भूकंप ओळखते. भारतात ही सोय २०२३ मध्ये आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का पुण्यातही जाणवला होता, आई अजून त्या पहाटेबद्दल बोलते. रात्री टेबलावर चार्जिंगला लावलेला तुमचा फोन या कामात सामील असतो.

दुसरी गोष्ट: अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेबसाइट न विचारताही हालचालीचे सेन्सर वाचू शकतात. जायरोस्कोपच्या थरथरीवरून जवळचं बोलणं काही प्रमाणात ओळखता येतं, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘मोशन सेन्सर्स’ आहे, ते बंद ठेवा आणि स्वतःचं काही करून बघायचं असेल तेव्हाच उघडा. आयफोनमध्ये २०१९ पासून सफारी आधी विचारते.

ढोल

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण याला आधीचं सगळं लागतं.

पुतणी ढोल पथकात आहे. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीकाठी सराव सुरू होतात. तिची तक्रार होती की दादा लोक ओरडतात, "लय चढतीये," पण नेमकी कुणाची चढते ते कुणालाच कळत नाही. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून काही उपयोग नव्हता. चाळीस ढोलांत माइकला सगळेच ऐकू येतात. ॲक्सेलरोमीटरचं वेगळेपण इथे कामाला आलं: अंगाला बांधलेल्या फोनला मुख्यतः त्याच अंगावरचा ढोल कळतो.

ढोल कमरेला आवळलेला असतो, त्यामुळे टिपरूचा (ढोल वाजवायच्या काठीचा) प्रत्येक ठोका कमरेला झटका देतो. झिपच्या पिशवीत फोन घालून तो पाठीमागे, कमरपट्ट्याच्या आत, नाडीने घट्ट बांधला. सैल राहिला तर फोन स्वतःच डुलतो आणि ठोक्यांच्या मधे खोटी शिखरं येतात. मनगटावर बांधून पाहिला होता, पण हात जड होतो आणि वाजवण्याची ढबच बदलते. ‘ॲक्सेलरेशन विदाउट जी’, तीस सेकंद उशीर, दहा मिनिटं मोजणी. तिने वहीत अंदाज लिहिला: "माझी लय स्थिर आहे."

घरी आल्यावर आलेखावर बोट ठेवून तो मोठा केला. टिपरूची शिखरं उंच, थापेची बुटकी, दोन्ही स्पष्ट. ‘पिक डेटा’ने एका शिखरावर बोट ठेवून दुसऱ्यापर्यंत ओढलं की मधला वेळ दिसतो. सुरुवातीला दोन ठोक्यांत ०.५० सेकंद होते, म्हणजे मिनिटाला १२०. आठव्या मिनिटाला ०.४४, म्हणजे १३६ च्या वर. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, हे ताशा थांबला तिथून पुढे झालंय." आणि खरंच, ताशा आघाडीला असेपर्यंत आलेख सरळ होता.

तुम्ही करणार असाल तर पथकप्रमुखांना आधी विचारा, आणि ढोल, ताशा, ढोल अशा तिघांना एकाच दिवशी फोन बांधा. सुरुवातीला तिघांनी एकत्र तीन उड्या मारायच्या. त्या तीन धक्क्यांवरून तिन्ही आलेख नंतर एकमेकांवर बसवता येतात. डेटा ‘एक्सपोर्ट’ करून फाइलच्या नावात तारीख, वाद्य आणि फोन कुठे बांधला होता ते लिहा. सराव पावसात असतो, तेव्हा कपड्याच्या पिशवीच्या आत आधी दुधाची धुतलेली पिशवी घाला आणि तोंड रबराने बंद करा. बंद पिशवीत फोन तापतो. दहा मिनिटांनी काढून पंख्याखाली ठेवा.